चव उत्तम

साहेब येणार म्हणून शाळा धुतली, तिथंच निम्मं सगळं संपलं होतं. मी पोचले तेव्हा फाटकापाशी सडा घातलेला होता आणि त्यावर रांगोळीही होती. पोरं दवाखान्यात सलाईन लावून पडलेली आणि इथे रांगोळी! माझी तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथंच. नंतर वर्षभर ती पूर्ण विझली असं म्हणता येणार नाही.

मी अन्नातून आणि पाण्यातून पसरणाऱ्या जंतूंवर काम करते. ऐकायला मोठं वाटतं, पण खरं काम म्हणजे लोकांची शी गोळा करायची, त्यांनी काय खाल्लं, काय प्यालं हे विचारायचं आणि डबीतल्या जंतूची उत्तराशी सांगड घालायची. पुण्यातल्या प्रयोगशाळेत बसते. माहेर शिरूरचं. त्या वर्षी नवरात्राला चार दिवस आईकडे आले होते. सहाव्या माळेच्या सकाळी फोन आला. दौंडकडच्या एका गावातल्या शाळेत कालपासून पोरं आजारी पडतायत, ताप आहे, जुलाबात रक्त आहे. आई घटाला माळ चढवत होती. मी गाडीत थंडपेटी टाकली आणि न्हावऱ्यावरून चौफुल्याच्या रस्त्याला लागले. वाटेत दोनदा फोन करून सांगितलं, "काही धुऊ नका. भांडी नाही, टाकी नाही, काहीच नाही." पलीकडून "व्हय मॅडम, व्हय मॅडम" येत राहिलं.

गावाचं नाव लिहीत नाही. कुणाचंच लिहीत नाही. नाव न लिहिण्याचा किती उपयोग होतो ते पुढे येईलच.

शाळेच्या मागे काळी प्लास्टिकची पाण्याची टाकी. झाकण उघडलं तर आत घासून लख्ख, तळाशी नवं पाणी आणि नाक झोंबेल असा ब्लीचिंग पावडरचा वास. स्वयंपाकखोलीत पातेली पालथी घातलेली. शाळेत शिजलेल्या अन्नाचा नमुना एक दिवस डब्यात राखून ठेवायचा असतो, नेमका अशाच वेळी तपासता यावा म्हणून. तो डबाही घासून, पुसून, फळीवर उपडा ठेवलेला. मी मुख्याध्यापकांना विचारलं, "गुरुजी, मी दोनदा फोन केला होता."

गुरुजी साठीच्या जवळ आलेले, अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट. म्हणाले, "मॅडम, जिल्ह्यावरनं साहेब येनार हायती. घाण दिसली तर उद्या पेपरात शाळेचा फोटू. म्हनून सकाळीच सगळं स्वच्छ करून घेतलं."

"कुणी केलं?"

"मावशींनी."

मावशी म्हणजे शाळेत खिचडी शिजवणारी बाई. पन्नाशीची, काटक, मेंढरं राखणाऱ्या घरातली. सासऱ्यापर्यंत घरात मेंढरं होती, आता थोडा ऊस आणि दोन म्हशी. शाळेत पंधराएक वर्षं तिच्याच हातची खिचडी. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, पायात चप्पल नाही, चेहरा उतरलेला. तेव्हा मला वाटलं, घाबरली असेल.

तोपर्यंत फाटकाबाहेर पालकांचा घोळका जमला होता आणि त्यांचं ठरूनही गेलं होतं. एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "सगळी पोरं पडली, आन् हिला काय बी झालं न्हाई. आपन न्हाई खाल्लं, पोरास्नी घातलं."

ही ओरड पहिल्यांदा ऐकत नव्हते मी. पेपरात 'विषबाधा' छापून येतं आणि लगेच विष घालणारं कुणीतरी लागतं. टाकीला, पाइपाला, खड्ड्याला कुणी शिव्या देत नाही. शिव्या द्यायला तोंड असलेलं माणूसच लागतं, आणि ते नेहमी सगळ्यात कमी बोलणारं निघतं.

पण त्या माणसाच्या ओरडण्यात मला हवी ती गोष्ट होती. तिनं खाल्लं नव्हतं? का?

मी तिला बाजूला, जांभळीखाली नेलं. "मावशी, तुम्ही खिचडी खात नाही का?"

"नवरात हाय न्हवं. नऊ दिस धरते मी, पायात बी काय घालत न्हाई. अन्नाला शिवत न्हाई. घटाम्होरं दिवा लागला की घरी वाईच शाबू खाती."

"म्हणजे घट बसल्यापासून शाळेतलं काहीच खाल्लं नाही? चवीपुरतंसुद्धा?"

"मिठाचं जिभेला लावलं तर उपास ऱ्हाईल का मॅडम? अंदाजानं टाकते मीठ. हाताला ठाव असतंय."

"आणि पाणी?"

"पानी हितलंच. त्या टाकीचं. चुलीफुडं तहान लई लागती, त्यात उपास."

मला काय सापडलं होतं ते जरा समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. शाळेतली सगळी पोरं खिचडीही खातात आणि टाकीचं पाणीही पितात. त्यांच्यावरून दोष कशाचा हे कळायचं नाही. अन्न फेकलेलं, टाकी धुतलेली. अख्ख्या शाळेत असं एकच माणूस उरलं होतं, ज्यानं पाणी प्यालं होतं पण खिचडीचा दाणा तोंडात घातला नव्हता. ती जर आजारी पडली असेल, तर दोष पाण्याचा. खिचडी सुटली आणि खिचडी करणारीही सुटली. आणि पाणी नेमकं कुठं नासलं ते शोधायला लागता आलं असतं.

"मावशी, तुम्हाला काही त्रास झाला का? जुलाब, ताप?"

"मला काय बी झालं न्हाई."

खूप पटकन म्हणाली. आणि म्हणताना एक हात पोटावर दाबून धरला होता. तो हात मी पाहिला. कपाळावरचा घामही पाहिला. ऑक्टोबरचं ऊन होतं, पण आम्ही सावलीत होतो.

तिचं गणित सरळ होतं. आजारी आहे म्हटलं तर लोक म्हणणार, हिच्याच हातून पोरांना झालं. आजारी नाही म्हटलं तर म्हणतायत, हिनं मुद्दाम खाल्लं नाही. दोन्हीकडून मरण. त्यातल्या त्यात दुसऱ्यात निदान किळस नव्हती. पंधरा वर्षं जिच्या हातचं गावानं खाल्लं, जत्रेच्या पुरणाला जिला आधी बोलावणं जायचं, त्या बाईनं आपल्याला हगवण लागलीय हे कुणाला सांगावं?

मी तिच्यापुढे खाली बसले. म्हटलं, "मावशी, खरं सांगा. खरं सांगितलं तरच तुम्ही सुटाल. तुमचं नाव कुठं येणार नाही."

ही दोन वाक्यं मी बोलले. आता कुठल्याही बहाण्यानं ती परत घेता येत नाहीत.

तिनं बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. मग म्हणाली, "पाचव्या माळंपास्नं लागलंय. पोटात पिळ पडतोय. काल उसात तीन-चार बार जाऊन आले. सकाळी टाकीत उतरून घासताना तर डोळ्यापुढं अंधारी आली." पदर सावरत म्हणाली, "कुनाला सांगू नगासा."

म्हणजे आपल्या सुटकेचा पुरावा तिनं स्वतःच, पोट धरून, घासून काढला होता. कारण गुरुजी म्हणाले होते, साहेब येणार आहेत.

मी तिला संमतीपत्र वाचून दाखवलं. नमुना स्वखुशीनं देत आहे, ओळख गुप्त राहील, वगैरे. तिनं गुडघ्यावर कागद ठेवून एकेक अक्षर कोरत सही केली. मी डबी दिली. तिनं ती पदराखाली धरून आणून दिली आणि माझ्याकडे न बघता आत निघून गेली.

जाता जाता मी चवीचं रजिस्टर पाहिलं. खिचडी पोरांना वाढायच्या आधी मोठ्यांनी चव घ्यायची आणि तसं लिहून ठेवायचं असा नियम आहे, चांगला नियम आहे. तारीख, पदार्थ, अभिप्राय, मुख्याध्यापकांची सही, स्वयंपाक्याची सही. मी सहज पानं उलटली. रोज 'चव उत्तम'. रविवारी शाळा बंद, तरी चव उत्तम. पुढे दसऱ्याची सुट्टी यायची होती, त्या दिवशीचीही चव उत्तम. महिना अजून संपला नव्हता, पण रजिस्टर संपलं होतं. न शिजलेल्या खिचडीची चव घेऊन गुरुजी मोकळे झाले होते, आणि प्रत्येक सहीशेजारी मावशीची ती कोरलेली सही. "हितं कर, हितं कर" म्हणत महिन्याच्या पहिल्याच दिवशी करून घेतलेली, हे तिनं मला नंतर सांगितलं.

मला हसूच आलं आधी. मग मी फोन काढून त्या पानांचा फोटो घेतला.

त्याच दुपारी साहेब आले. रांगोळीवरून चालत आले. टाकीतलं पाणी बाटलीत भरून घेतलं, आणि त्याचा अहवाल काय यायचा तो आलाच, पिण्यास योग्य. एवढी पावडर टाकल्यावर गटारसुद्धा पिण्यास योग्य ठरलं असतं.

आठव्या माळेला मावशी दरवर्षी नऊ कुमारिका जेवू घालायची. पोळ्या, खीर, भजी. त्या वर्षी तिनं केलं सगळं, अंगात त्राण नसताना. एकाही घरानं पोर पाठवली नाही. मला हे दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं, अगदी सहज, दुसऱ्या कशाबद्दल बोलता बोलता.

प्रयोगशाळेत पोरांच्या नमुन्यांत शिगेला नावाचा जंतू उगवला. माणसाच्या विष्ठेतून पाण्यात उतरणारा, थोडासा गेला तरी पुरणारा. मावशीच्या नमुन्यातही तोच. त्या दिवशी मी प्रयोगशाळेत एकटीच मोठ्यानं "सुटली!" म्हणाले. खरंच म्हणाले. बाई सुटली असं मला वाटलं होतं.

मी जिल्ह्याला लिहून पाठवलं. स्वयंपाकी महिलेनं शाळेतलं अन्न घेतलेलं नव्हतं, फक्त पाणी प्यायलेलं होतं, तिच्यातही तोच जंतू आहे, म्हणून पाणी तपासा, पाइप उकरा. अहवाल जो निघाला त्यात माझ्या अर्ध्या वाक्याचा उपयोग केलेला होता. 'स्वयंपाकी महिलेच्या नमुन्यात रोगजंतू आढळले. तिच्यामार्फत संसर्ग झाल्याची शक्यता.' खाली शिफारस होती, तिला कामावरून कमी करावं. तिचं नाव कुठंच नव्हतं. शब्द पाळला होता मी. फक्त त्या शाळेला स्वयंपाकी एकच होती.

मी साहेबांना फोन केला. मी ओरडले हे कबूल करते. ते अजिबात ओरडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणता तिनं खाल्लं नाही. चवीच्या रजिस्टरमध्ये तिची रोजची सही आहे. त्या आठवड्यात रोज चव घेतल्याची. मी कागद कोणता धरू?"

"गावात विचारा. अख्ख्या गावाला माहितीये ती नवरात्र धरते."

"गाव लिहून देईल का?"

गाव कशाला लिहून देतंय. मी गुरुजींना विचारलं होतं आधीच. ते हळहळले. "बाई कडक उपासाची, मी सांगतो की तुम्हाला. पण मॅडम, ते लिहून द्यायचं म्हंजी रजिस्टर खोटं हाय असं मीच लिहून द्यायचं. दोन वरसं राह्यलीत माझी." आणि चहा मागवला. चहा मी प्याले. चांगला होता, आलं घातलेलं.

साहेबांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. खिशात होतं. रविवारची चव, दसऱ्याची चव, न आलेल्या दिवसांची चव. तो फोटो पाठवला असता तर रजिस्टर तिथल्या तिथं खोटं पडलं असतं आणि त्याच्याबरोबर तिच्या सह्याही. मी फोनवर म्हणाले, "बघते मी." आणि ठेवला.

का पाठवला नाही, तर मला त्या शाळेत परत जायचं होतं. आजारातून उठलेल्या पोरांपैकी किती जणांच्या पोटात महिन्या-दोन महिन्यांनीही जंतू राहतो, हे मला तपासायचं होतं. चांगलं काम होतं, आजही म्हणेन. त्यासाठी शाळेची परवानगी लागत होती. म्हणजे गुरुजींची सही. तो कागद त्याच आठवड्यात त्यांच्या टेबलावर पडलेला होता. मी स्वतःला सांगितलं, आधी परवानगी मिळू दे, मग फोटो योग्य जागी देईन. परवानगी मिळाली. मग दिवाळी आली, मग नमुने सुरू झाले, मग म्हटलं आता मधेच कशाला. असं म्हणत म्हणत ती बाई घरी बसली आणि मी त्याच शाळेत, तिच्याच चुलीशेजारी, थंडपेटी ठेवून काम केलं.

पाइपाचं मात्र सोडलं नाही. पत्रं लिहिली, भांडले, दोन वेळा अधिकाऱ्यांना मीटिंगमधून उठवून आणलं. शेवटी उकरलं. शाळेच्या संडासाचा शोषखड्डा जिथं होता तिथूनच पाण्याची लाइन गेली होती, आणि नेमका तिथला सांधा सुटलेला. पाणी बंद असताना लाइन रिकामी होते आणि आजूबाजूचं आत ओढून घेते. मी खड्ड्याच्या काठावर उभं राहून सगळ्यांना सुनावलं. नवा पाइप पडला. कुणी कागदावर काही लिहिलं नाही, कारण पाणी आधीच योग्य ठरलेलं होतं. आणि पाइप दुरुस्त झाला म्हणून बाईला परत बोलवावं, असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. खिचडीला दुसरी बाई लागली होती.

पुढल्या नवरात्रात मी परत त्या बाजूला गेले. शाळेत डोकावले. नवी बाईही अनवाणी होती. मी रजिस्टर मागितलं नाही.

मावशी गावाच्या फाट्यावर भेटली. कुरकुंभला एका कंपनीत साफसफाईला लागली होती, दुसऱ्या पाळीला. कंपनीच्या गाडीची वाट बघत कट्ट्यावर बसलेली, पाय अनवाणीच, शेजारी पाण्याची बाटली. आधी तिला कॅन्टीनमध्ये घेणार होते, पण कुणीतरी गावातलं बोललं आणि मग झाडू हातात आला. हे तिनं तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून सांगितलं. तिची नात त्याच शाळेत पहिलीला जाते. तिला घरनं पाणी उकळून देते म्हणाली.

"मावशी, पाइप बदललाय आता. पाणी चांगलं आहे."

"आसंल."

मग मी जे सांगायला गेले होते ते सांगितलं. तुमच्या नमुन्यामुळेच पाण्याचं कळलं, तुम्ही खरं बोललात म्हणून पाइप सापडला, म्हणून पुढची पोरं वाचली. घोकून गेले होते मी. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे सरळ बघितलं, त्या दिवशी डबी देताना बघितलं नव्हतं तसं.

"मॅडम, मला म्हनला खरं सांगा. मी सांगितलं. गुरुजीस्नी का न्हाई म्हनला?"

मी म्हटलं, "म्हटलं होतं."

"चा पीत म्हनला आसाल."

तिनं गाडी येते का ते रस्त्याकडे बघितलं.

"रजिस्टराचा फोटू काढला व्हता तुमी. मी बघत व्हते दारातनं. आज न्हाई उद्या दावतील, म्हनलं. वरीस झालं."

वर्षभर मी साहेबांवर चिडले, गुरुजींवर चिडले, गावावर चिडले. त्या सगळ्यांवर चिडायला मला हक्क होता, आजही आहे. पण ती वर्षभर माझी वाट बघत होती हे मला माहीत नव्हतं. खोटं बोलण्याची हिंमत झाली नाही. म्हटलं, "मला गुरुजींची सही लागत होती, मावशी. शाळेत काम करायला."

रस्त्यावर गाडी दिसली. तिनं बाटली उचलली, पदर खोचला.

"सही माझी बी घेतलीवती की," ती म्हणाली, आणि गाडीत चढली.